लाल बासनातला निकाल

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. गाव.

शिमग्याची बैठक दरवर्षी चहा येईपर्यंत आटोपते. होम कधी, पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, मुंबईकर कधी येणार, एवढंच तर ठरवायचं असतं. आज मात्र चहा आला, थंड झाला, आणि बैठक तिथेच.

कोंडवाडीची दर्शना उठून पुढे आली. सरकारी आरोग्यसेवेत आशाताई म्हणून काम करते, तीस-बत्तिशीची असेल. बायका बैठकीला येतात, पण खांबामागे बसतात. ही सरळ देवीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा पालखी आमच्या वाडीत येऊ दे. माझी सासू शहाऐंशीची झाली. अंथरुणाला खिळलीय. देव एकदा अंगणात बघायचाय बोलते, मग जीव गेला तरी चालेल."

कोंडवाडी म्हणजे पऱ्याच्या पलीकडची कुणब्यांची बत्तीस घरं. देवी सगळ्या गावाची, पण पालखी पऱ्याच्या अलीकडे सहाणेच्या चौथऱ्यावर टेकते आणि मागे फिरते. कोंडवाडीने ओढा ओलांडून अलीकडे यायचं आणि दर्शन घ्यायचं. असं कोर्टाने ठरवून दिलंय, इंग्रजांच्या काळात.

त्या निकालाचा कागद आमच्या घरात. आम्ही गावचे मराठा खोत. इंग्रज सरकारचा सारा आम्ही भरायचा, जमीन आमच्या नावावर, आणि कसायची कोंडवाडीने, असा तो कारभार. खोती कायद्याने गेली, कागद राहिला. लाल बासनात बांधलेला. शिमग्यात आमच्या घरचा कर्ता पुरुष ते बासन डोक्यावर घेऊन सहाणेपर्यंत जातो, गुरव त्याला हळदकुंकू लावतो, बासन पालखीला टेकवलं जातं आणि पालखी वळते. बाबा गेल्यापासून तो कर्ता पुरुष मी.

बैठक चालवणारे दादू गावकर समजुतीने म्हणाले, "अगो, कोर्टाचा निकाल हाय. आमच्या हातात काय?"

"हाय हाय बोलतात सगळे. वाचलाय कुणी?" दर्शना म्हणाली.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला गावात मी एकटाच. पुढची बैठक तेवीसला. वाचून आणतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

१२ फेब्रुवारी, बुधवार. रत्नागिरी.

बासन कपाटात वरच्या कप्प्यात आहे, गौरीच्या मुखवट्यांशेजारी. तीन दिवस वर बघतो आहे.

माझी बायको मृणाली म्हणाली, "आयुष्यभर लोकांचे निकाल वाचलेत. घरातला एक वाचायला मुहूर्त लागतो होय?"

चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतोय असं सांगितलं. ती म्हणाली, पेपरातली कोडी सोडवताना तर बरोबर होता. या बाईपुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आज वाचला.

सात पानं, इंग्रजी, वळणदार अक्षर, खाली लाखेचा शिक्का. साल १८९३. वादी आत्माराम, म्हणजे माझे खापरपणजोबा. प्रतिवादी रामा आणि इतर अकरा, राहणार कोंडवाडी. वादीचं म्हणणं, पालखी पूर्वापार पऱ्यापर्यंतच येते, प्रतिवादींनी यंदा ती दांडगाईने पलीकडे नेली, तरी त्यांना कायमची मनाई व्हावी.

मग साक्षी. आमच्याच बाजूच्या गुरवाने उलटतपासात कबूल केलं की त्याच्या बापापासून पालखी पहिल्या दिवशी कोंडवाडीतच जायची. भांडणाचं मूळ वेगळंच निघालं. आदल्या साली कोंडवाडीने खोताकडे फुकट वेठीला यायचं नाकारलं होतं.

शेवटच्या पानावर निर्णय. देवाचा मान कुणाला आणि किती, हा दिवाणी हक्क नव्हे, त्यात कोर्ट पडणार नाही. दावा काढून टाकला. खर्च वादीवर.

आम्ही हरलो होतो. मनाई वगैरे काही नाहीच. हरलेल्या दाव्याची नक्कल शिक्क्यासकट घरी आणून खापरपणजोबांनी ती लाल फडक्यात बांधली आणि जिंकलो म्हणून सांगितलं. गावात इंग्रजी कुणाला येत होतं? शिक्का मात्र सगळ्यांना दिसत होता. एकशे बत्तीस वर्षं अख्खा गाव आमच्या पराभवाला हळदकुंकू लावतोय.

हसू आलं आणि लगेच तोंड कडू झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

मृणालीला अजून सांगितलेलं नाही. बांगड्याचं तिखलं केलं होतं तिने. मला चव लागली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. गाव.

का गेलो ते सांगता येत नाही. सहाणेपर्यंत गाडी जाते. तिथे डांबर संपतं, सुरीने कापल्यासारखं. पुढे पायवाट, मग पऱ्यावरचा लोखंडी साकव, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने थांबायचं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी तो किती वेळा ओलांडला असेन? एकदाही आठवेना.

दादू सहाणेवर बसले होते. रस्ता इथेच का थांबला, असं सहज विचारलं. ते म्हणाले, "सरकारचा साहेब आलेला मापाला, शहाण्णव साली. त्यानं विचारलान, गाव कुठपर्यंत? आमी सांगितलं, पालखी फिरते तिथपर्यंत. पुढं कोंड हाय. त्यानं खुंटी मारलान."

विजेचे खांबही आधी इथपर्यंतच आले होते. नळाची टाकी आमच्या वाडीत. आणि शाळा तर त्या निकालाच्याही आधीची, आमच्याच पडवीत सुरू झालेली, नंतर शेजारी इमारत झाली. पावसाळ्यात चार महिने पऱ्या दुथडी भरून वाहायचा, तेव्हा पलीकडची मुलं शाळेत येत नसत, म्हणून नापास होत, म्हणून चौथीनंतर मुंबईला कुणाच्या तरी खानावळीत कामाला जात. आमच्या वाडीत पहिला मॅट्रिक १९११ साली झाला. त्याचा फोटो आमच्या माजघरात आहे. कोंडवाडीतला पहिला मॅट्रिक १९८३चा, दर्शनाने सांगितलं, तिच्या सासरचाच.

आमच्या ऑफिसात गावाच्या गप्पा निघाल्या की मी म्हणायचो, आमच्याकडच्या कोंडवाल्यांना शिक्षणाची आवडच नाही. हे मी चांगला मोठ्याने, चहा पिताना, किती वर्षं म्हणत आलो. आज साकवाच्या मधोमध उभा असताना ते आठवलं आणि कान तापले.

दर्शनाने अंगणात खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. वाचलात का, असं तिने विचारलं नाही. सासू, सखूबाई, आत झोपली आहे म्हणाली, उठवू का? मी म्हणालो, नको नको, झोपू दे. आणि खरं लिहायचं तर बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. गाव.

बैठक झाली.

मी म्हणालो, अक्षर फार पुसट आहे, कागद जीर्ण, काही शब्द लागत नाहीत. कुणातरी जाणकाराला दाखवावा लागेल. इतकं सफाईदार बोललो की मलाही खरं वाटलं. आमच्या वाडीतल्यांनी माना डोलावल्या. कोर्टाचं काम, वेळ लागणारच.

दर्शना म्हणाली, "बरं भाऊ. तुमी बघतायत ना, मग होईल."

तिने शंका घेतली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. रत्नागिरी.

रोजनिशी मी माझ्यासाठी लिहितो, कुणाला दाखवायची नाही. तरी सोळा तारखेच्या नोंदीत मी खोटं लिहिलं. "आज वाचला" असं लिहिलं. आज नाही.

बाबा चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात गेले. तेराव्यानंतर मी त्यांची पेटी आवरायला घेतली. बासन सोडलं. कोर्टात तेव्हा माझी तीन-चार वर्षं झाली होती, निकाल कसा वाचायचा ते चांगलं कळत होतं. कारकून पहिलं पान बघत नाही, शेवटचं बघतो. मीही तेच केलं. दोन ओळी वाचल्या. दावा काढून टाकला, खर्च वादीवर. मग पानं होती तशी घडी केली, बासनाला बाबांची होती तशीच गाठ मारली. आधीची सहा पानं सोळा तारखेला पहिल्यांदा वाचली, एवढंच काय ते त्या नोंदीत खरं.

पुढच्या शिमग्याला मी ते डोक्यावर घेतलं. त्यानंतर दरवर्षी. तीस वेळा. बाबांना ठाऊक होतं का? आजोबांना? गाठ बरीच वर्षं सुटलेली दिसत नव्हती, पण त्यावरून काय सांगावं? माझ्यापुरतं सांगायचं तर मी कुणाशी खोटं बोललो नव्हतो, मला कुणी विचारलंच नव्हतं, असं मी मनाला समजावत आलो. लोक माझ्या पाया पडायचे त्या वेळी. बासन डोक्यावर असेपर्यंत म्हाताऱ्या बायकासुद्धा. ते मला आवडायचं.

हेही लिहून ठेवतो, कारण तेच सगळ्यात लाजिरवाणं आहे.

शहाण्णव साली रस्ता आला. म्हणजे त्याआधी दोन वर्षं मला... हा हिशेब आज नको.

२ मार्च, रविवार.

दुपारी दर्शनाचा फोन. "भाऊ, दाखवलात काय जाणकाराला? सासूचं खाणं कमी झालंय. मी तिला बोलते, भाऊ वाचतायत, थांब जरा."

मी म्हणालो, आठवडाभरात.

फोन ठेवला तर मृणाली दारात. "जाणकार कोण?" तिने विचारलं. ती आत गेली, स्टुलावर चढली, बासन काढलं, टेबलावर सोडलं आणि बसून सातही पानं वाचली. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा बरं. मी गॅलरीत उभा राहिलो, समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघत.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला या बासनाला नमस्कार करायला लावला होता." मग पानं एकावर एक लावून ठेवली. शेवटी म्हणाली, "नऊ तारखेच्या बैठकीत तुम्ही वाचणार आहात, की मी वाचू?"

मी वाचतो म्हणालो. चौऱ्याण्णवचं तिला सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार. गाव.

वाचला. आधी इंग्रजी वाक्य, मग मराठी. "दावा काढून टाकला" म्हटल्यावर खांबामागच्या बायकाही पुढे सरकल्या.

आमच्या वाडीतला एक चुलतभाऊ उठला. "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. काय मिळवलंस?" आणि चपला घालून निघून गेला. बाकीचे बसून राहिले.

दादूंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. त्यांना इंग्रजी येत नाही. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजे ह्याला आमी कुकू लावत होतो," म्हणाले. मग मला विचारलं, "हर्षद, तुला हे आधी ठाव नव्हतं?"

वाचतानाच हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तरही तयार केलं होतं, खरं उत्तर. तोंडातून आलं ते, "नाही दादू, आत्ताच वाचला."

दादूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मोठं काम केलंस. दुसऱ्या कुणी दडवला असता." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. दर्शना पदराने डोळे पुसत होती.

ठरलं. सोळा तारखेला, रविवारी, पालखी पऱ्या ओलांडणार.

परतीच्या वाटेवर मृणाली म्हणाली, "बघा, हलकं वाटलं ना?" मी हो म्हणालो. गाडी चालवताना माझ्या पाठीवरची ती थाप जागच्या जागी होती.

१६ मार्च, रविवार. गाव.

हे आजच लिहायला हवं, उद्या मी त्याला वेगळं वळण देईन.

पालखी साकवावर मावेना. दादू म्हणाले, पाण्यातून चला. मार्चमध्ये पऱ्याला घोटाभर पाणी. भोई उतरले, मागून ढोल, मागून सगळा गाव. आमच्या वाडीतलेही बरेच आले होते. मी बासन आणलं नव्हतं. डोक्यावर काही नसल्यामुळे हातांचं काय करावं कळत नव्हतं.

कोंडवाडीने वाट शेणाने सारवली होती. बत्तीसच्या बत्तीस दारांत रांगोळी. पालखी पहिली सखूबाईच्या अंगणात टेकवली. तिची खाट बाहेर काढून ठेवली होती, पाठीला उशा. मूठभर बाई. दर्शनाने तिचा हात धरून ओटी भरवली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. तिचे ओठ हलत होते. रडली नाही. मीच रडलो.

मग तिने मला हाताने बोलावलं. खाटेशेजारी पाट होता, त्यावर बसलो. दादू माझ्या मागे उभे होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"कागूद वाचलात म्हणं," ती म्हणाली.

एक वाक्य मी आठवडाभर घोळवून आणलं होतं, ते बोललो. "आमच्या खापरपणजोबांनी तुम्हाला फसवलं, सखूबाई. निकाल तुमच्या बाजूने होता, तुम्हाला कळूच दिलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. "कळू दिलं नाय? आमचा रामा स्वता कोर्टात उभा होता ना. सायबानं त्याच्या तोंडावर सांगितलान, दावा काढला, जा घरला. त्यानं घरी येऊन सांगितलान. माझ्या सासऱ्यानं मला सांगितलान. या वाडीत कुणाला ठाव नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलून भात कुठं लावायचं? जमीन तुमची. खळ्यावर माप तुमचं. पालखी कागदानं थांबलीय असं तुमाला वाटत होतं काय?" ती दमली, दर्शनाने तिला पाण्याचा घोट दिला. "पुढं जमिनी झाल्या आमच्या नावावर, थोड्या. तवा पोरं बोलली, आता भांडू. सासरे बोलले, भांडून देव आणायचा नाय. कागूद त्यांच्या घरात हाय. त्यांच्यातला कोनतरी वाचील, त्याला शरम वाटंल, तो येईल सांगायला. आमी वाट बघत होतो."

म्हणजे मी गावासमोर उघड केलेलं गुपित निम्म्या गावाला चार पिढ्या पाठ होतं. दरवर्षी मी बासन डोक्यावर घेऊन सहाणेवर उभा राहायचो तेव्हा समोर कोंडवाडीची माणसं हात जोडून उभी असायची, आणि त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आत काय आहे ते. ती देवीला हात जोडत होती. मला वाटायचं, बासनाला.

"तुमी कोर्टात होतात ना?" सखूबाईने विचारलं. "कवा वाचलात?"

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. सहज विचारलं, म्हाताऱ्या माणसांना साल-तारीख लागते तसं. मागे ढोल चालू होता. आत्ताच वाचला म्हणालो असतो तर खपून गेलं असतं, दादूंनीच साक्ष दिली असती.

"चौऱ्याण्णव साली," मी म्हणालो.

दादूंनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

सखूबाई बोटं मोजत होती. अंगठा पेरांवरून हळूहळू सरकत गेला आणि थांबला. "तवा माझी चिमा होती," ती म्हणाली. मग तिने मान वळवली आणि पालखीकडे बघायला लागली. पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. मी हात जोडून बसून राहिलो, पालखी उचलेपर्यंत.

चिमा कोण ते मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही. पालखी पुढच्या घरी निघाली तेव्हा दर्शनाच जवळ आली. सखूबाईची मुलगी, दर्शनाची नणंद. सत्त्याण्णवच्या श्रावणात, पहिलटकरीण. कळा अडल्या म्हणून डोली करून निघाले. तेव्हा साकव नव्हता, पऱ्या भरलेला. पाणी उतरायची वाट बघत सकाळपासून दुपारपर्यंत डोली काठावर धरून उभे होते, तिथेच ती गेली.

"दवाखान्याची जीप आलेली, भाऊ," दर्शना म्हणाली. "सहाणेवर उभी होती. रस्ता तिथपर्यंतच ना. पलीकडून दिसत होती."

एवढं बोलून ती आरतीचं ताट घेऊन पालखीमागे गेली.